दुसरा ट्रॅक

"बंद कर ते! शी, कानात शिरल्यासारखा काय बोलतोय मेला!" मुक्ताबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. त्यांच्या हातात अर्धवट सोललेली कोलंबी होती.

स्नेहलनं मोबाइलचा स्पीकर बंद केला. "आई, नाटक आहे ते. नुसतं ऐकायचं. जपानी."

"जपानी असो नाहीतर आपल्या नवघरचा. परका पुरुष इतक्या जवळ येऊन कुजबुजतो आणि तुम्ही दोघी लोळत ऐकताय. किळस येते मला."

पलंगावर आडवी पडलेली पायल हसली. स्नेहलनं एक इअरबड तिच्या हातात दिला, दुसरा आपल्या कानात घातला आणि बेडरूमचं दार लोटलं.

पायल स्नेहलची मोठी बहीण. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन सासरी, सिल्व्हर पार्कला गेली. दर रविवारी तिचा नवरा लोकेश तिला माहेरी, इंद्रलोकच्या गेटपाशी सोडायचा आणि चारला न्यायला यायचा. असा जावई मिळायला नशीब लागतं, हे मुक्ताबाई अख्ख्या मजल्याला सांगून बसल्या होत्या.

पूर्वी पायल या नाटकांची टर उडवायची. "तुझे चायनीज बॉयफ्रेंड काय म्हणतायत?" असं विचारायची. गेले दोन महिने मात्र जेवण झालं की तीच म्हणायची, "लाव ना गं एखादं."

स्नेहल चार वर्षं जपानी शिकत होती. डिसेंबरात तिची परीक्षा होती. व्याकरण क्लासमध्ये आलं, पण माणसं घरात कशी बोलतात ते तिला या प्रेमाच्या नाटकांनीच शिकवलं. त्यांत बोलतो फक्त तो, हीरो. ती कधीच बोलत नाही. तिच्या उत्तरासाठी तीन-चार सेकंदांची रिकामी जागा सोडलेली असते आणि मग तिचं ऐकल्यासारखा तो पुढचं बोलतो. स्नेहल त्या जागेत जपानीतून उत्तर द्यायची. तेवढाच सराव.

पायलला 'आरिगातो'पलीकडे ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून स्नेहल वाक्यावाक्याला थांबवून मराठीत अर्थ सांगायची आणि ती रिकामी जागा पायल मराठीतून भरायची. एकदा हीरोनं लाडात येऊन गच्चीवर तारे बघायला चल म्हटलं, तर ही म्हणाली, "सोसायटीनं कुलूप लावलंय." स्नेहल पोट धरून हसली होती.

आजचं नाटक नवं होतं. त्यात स्नेहलचा सगळ्यात आवडता आवाज होता. ते निघायची ती तीन आठवडे वाट बघत होती. पहिल्या ट्रॅकमध्ये तो तिच्यासाठी सूप करत होता. स्नेहलनं अर्थ सांगितला आणि पायल गंभीरपणे म्हणाली, "मीठ कमी आहे." दोघी हसल्या.

दुसरा ट्रॅक सुरू झाला. कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं.

"आलीस?" तो म्हणाला. आवाज तोच, मऊ. पण त्या मऊपणानं स्नेहलच्या अंगावर काटा आला. "उशीर झाला."

"रिक्षा मिळाली नाही," पायल म्हणाली.

"फोन केला होता मी. चार वेळा."

"सायलेंटवर राहिला."

"कोणाबरोबर होतीस?"

"कोणी नाही. एकटीच."

"मोबाइल दे इकडे."

"घे. लॉक काढलंय."

याच आवाजाला कानाशी घेऊन स्नेहल चार वर्षं झोपत आली होती. आवडीचा पेरू अर्धा खाल्ल्यावर आत अळी वळवळताना दिसावी, तसं तिला झालं. स्क्रीनवर बोट सरकल्याचा आवाज येत होता. तो निवांत तिचे मेसेज वाचत होता. त्याचा श्वाससुद्धा रेकॉर्ड केला होता. कोणीतरी हे लिहिलं, कोणीतरी माइकसमोर बसून इतक्या निगुतीनं केलं, आणि आता हजारो पोरी ऐकून उसासे सोडणार. शी!

सगळ्यात जास्त शिसारी तिला पायलची आली. आज एकही विनोद नाही. छताकडे बघत, हात पोटावर ठेवून, ती सिनेमातल्या एखाद्या नायिकेसारखी पडेल आवाजात उत्तरं देत होती. एकदा तर त्याचा प्रश्न संपायच्या आधीच तिचं उत्तर देऊन झालं. इतकी रंगली होती! हिला हे असलं आवडतं? आणि हा नाद हिला लावला कोणी, तर आपणच.

"मी ओरडलो का तुझ्यावर?" तो हळुवारपणे म्हणाला.

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. डोळ्यात काहीतरी गेलं."

स्नेहलनं खाडकन नाटक थांबवलं. "यक्! बास झालं, ताई. कसला घाणेरडा माणूस आहे हा! आणि तू त्याला उत्तरं कसली देतेस मुळूमुळू?"

"थांबवू नकोस," पायल म्हणाली. तिची नजर छतावरून हलली नाही. "आता सॉरी म्हणेल. मग जेवायला वाढ म्हणेल."

स्नेहलनं चिडून प्ले दाबलं.

तो सॉरी म्हणाला. रिकामी जागा गेली. मग म्हणाला, भूक लागलीय, काहीतरी वाढ.

स्नेहलचं बोट स्क्रीनवरच राहिलं. किल्ली फिरल्यापासून तिला इतकी किळस आली होती, की त्याला नावं ठेवण्यापलीकडे तिनं तोंडच उघडलं नव्हतं. दुसऱ्या ट्रॅकमधल्या एकाही वाक्याचा अर्थ तिनं पायलला सांगितलेला नव्हता.