'आहार सल्ला' लिहिलेली खोली

सासू काही केल्या बाहेर थांबायला तयार नव्हती.

सुनेचं मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर झालं होतं आणि आता सिस्टर तिला 'आहार सल्ला' अशी पाटी असलेल्या खोलीत नेत होती. हाड मोडलेल्या बाईला आहाराचा सल्ला कशाला, हे विचारायचं डोकं आजवर एकाही नातेवाइकाने चालवलं नव्हतं. त्या खोलीत खाण्यापिण्याबद्दल कधीच कुणी बोलत नसे. घरात मार खाणाऱ्या बायकांशी तिथे बोललं जाई, एकटीशी, दार लावून. पाटी नुसती नातेवाइकांसाठी होती.

खोलीतल्या बाईला सगळं हॉस्पिटल ताई म्हणायचं. ताईचा एकच नियम होता, आधी सासू बाहेर. तोही ठेच लागून केलेला. मागे एका सासूला तिने दया येऊन आत बसू दिलं होतं. त्या सासूने सगळं ऐकलं, बाहेर जाऊन मुलाला फोन लावला, आणि तो येऊन बायकोला भरल्या कॉरिडॉरमधून ओढत घेऊन गेला. ती मुलगी पुन्हा कुणाला दिसली नाही. अजूनही ते आठवलं की ताईला घास उतरत नसे. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे ती ताकही फुंकून पीत होती.

ही सासू तर नमुनाच होती. एवढ्या उकाड्यात अंगभर शाल. बाकावर बसा म्हटलं तर बसायची नाही, पहाऱ्यावर असल्यासारखी दाराशी उभी. सहा वर्षांच्या नातीचं बोट सोडायची नाही. किती वेळ लागेल, हिला आज घरी तर नाही ना सोडणार, पोरगीपण हिच्याजवळच राहील ना, एकामागून एक प्रश्न. काय चौकशा बघा, असं ताई सिस्टरच्या कानात म्हणाली, आणि सासूशी दोन शब्द गोड बोलून तिने दार लावून घेतलं.

आत सून खुर्चीच्या टोकावर बसली. ताईने तिला पाणी दिलं, घाई केली नाही. मग विचारलं, नवरा हात उचलतो का? सुनेने फरशीकडे बघत मान हलवली. पोरीसमोर? पुन्हा मान हलली. कधीपासून?

"लग्नाच्या आधीपासून," सून म्हणाली.

लग्न ठरल्यापासूनच मारतोय मेला, आणि तरी आईबापांनी पोरगी उजवून टाकली. अशी माणसं पाहिली की ताईचा जीव नुसता जळायचा.

"आई सांगतील तुम्हाला नीट," सून दाराकडे बघत म्हणाली. सासूला ती आईच म्हणत होती.

"त्यांचं राहू दे. इथे मला फक्त तुझं ऐकायचंय."

मग ताईनेच सगळं समजावून सांगितलं. गावाबाहेर एक घर आहे, त्याचा पत्ता कुणालाही देत नाहीत. गाडी मागच्या फाटकाशी येईल. नवरा संध्याकाळी कामावरून यायच्या आत निघायचं, आणि घरात कुणाला सुगावा लागू द्यायचा नाही. त्याला आधी कळलं तर सगळंच संपलं. सून ऐकत होती आणि डोळ्यांतून धारा वाहत होत्या. तिने विचारलं ते एवढंच, की तिथे खोलीत खाटा किती असतात. असल्या वेळी माणसाला काहीही सुचतं. पुरतील गं बाई, ताई म्हणाली. तेव्हा सुनेने डोळे पुसले आणि येते म्हणाली.

राहिली सासू. तिच्यासाठी ताईची थाप ठरलेली होती. बाहेर येऊन तिने सांगितलं, हाताचं ऑपरेशन करावं लागणार, काही दिवस इथेच ठेवू, पोरगीही आईजवळ राहील, तुम्ही घरी जा. तोंड हसरं होतं, पण आरडाओरडा, रडारड, मुलाला फोन, सगळ्याची तिने मनात तयारी केली होती.

"दोघी राहतील ना नक्की?" सासूने विचारलं.

"नक्की."

"मग मीपण..."

"तुमचं आता काही काम नाही, आजी. या तुम्ही."

सासूने मान डोलवली. नातीच्या मुठीतून आपलं बोट हळूच सोडवून घेतलं, तिचे केस हाताने सारखे केले आणि जवळची पिशवी ताईला दिली. पिशवीत पोरीचे कपडे होते, वह्या-पुस्तकंही होती. हॉस्पिटलात दप्तर कशाला, असं ताईच्या मनात येऊन गेलं, पण फाटे फोडायला वेळ कुणाला होता? म्हातारी कठडा धरत धरत जिना उतरून गेली.

सुंठीवाचून खोकला गेला, ताई सिस्टरला म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. एक बाई सुटली होती, एक लेकरू सुटलं होतं, आणि कुणाला ताकास तूर लागली नव्हती.

मागच्या फाटकाशी गाडी उभी होती. पोरगी आत चढून खिडकीशी बसली. सून मात्र दार धरून बाहेरच थांबली.

ऐन वेळी बायकांचा पाय मागे सरतो, हे ताईला नवीन नव्हतं. तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, घाबरू नकोस, सासूला मी कधीच घरी पाठवलंय, तिला कशाचाही पत्ता नाही.

सून गर्रकन वळली.

"घरी पाठवलंत?" ती म्हणाली. "अहो ताई, तो मला कुठे मारतो? आईंना मारतो. मी फक्त मध्ये पडले."