पहिला धडा

मुक्ताचा हात मोडला होता. नळावर पाय घसरला, असं ती धायरीत सगळ्यांना सांगत होती. तिच्या गळ्यावर उमटलेली बोटं मात्र तिच्या भावाने, सोनबाने, पाहिली होती.

रविवारी सोनबा तिच्या नवऱ्याला, भैरूला, राजगडावरून तोरण्याला जाणाऱ्या डोंगरवाटेने घेऊन निघाला. सोनबाने पुण्यातल्या कितीतरी पोरांना डोंगर चढायला शिकवलं होतं. त्याचा पहिला धडा ठरलेला असे. ज्याच्याकडून दगड सुटेल त्याने "दगड!" म्हणून ओरडायचं, आणि खालच्याने वर न बघता कड्याला चिकटायचं. निघताना त्याने तो सवयीने भैरूलाही दिला.

तोरण्याच्या अलीकडचा उभा कडा सोनबा आधी चढून गेला. पाठीवरची सॅक सावरत भैरू खालून धापा टाकत येत होता.

"मेव्हणे, जरा दमानं! आन् तुमच्या बहिणीला समजवा, नवऱ्याला उलट बोलायचं नाय. दुसरा हात अजून धड हाय तिचा."

आपल्याच बोलण्यावर तो मोठ्याने हसला.

सोनबाने डोक्याएवढा धोंडा दोन्ही हातांनी उचलला. खाली भैरूचं डोकं नीट बघून घेतलं आणि दातओठ खात धोंडा सोडला.



आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्याच छातीतून खणखणीत हाक फुटली, "दगड! कड्याला चिकटा, दाजी!"