भरतीच्या वेळा

नवापूरच्या मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत जागृतीने कॉम्प्युटर सुरू केला, तेव्हा दामूकाकांनी दोन खुर्च्या जवळ ओढून ठेवल्या होत्या. एक स्वतःला, एक हंसाकाकीला.

"आदी त्या अ‍ॅपात तुजं नाव दाव," काका म्हणाले. "ही बोंबील वाळत टाकायचे सोडून आलीय."

भरतीच्या वेळा सांगणारं ते अ‍ॅप जागृतीने आणि तिच्या कॉलेजातल्या मित्राने, मेहुलने, मिळून केलं होतं. प्रोग्रॅम त्याचा, वेळा तिच्या. छापील तक्त्यातली भरती नवापूरच्या खाडीत उशिरा पोचते. किती उशिरा, ते तिनं दोन वर्षं खाडीच्या तोंडाशी खुणांची काठी रोवून मोजलं होतं. नव्या वर्षाच्या वेळा तिनं गेल्याच आठवड्यात मेहुलला पाठवल्या होत्या. आज अपडेट आलं होतं.

तिनं अ‍ॅप स्टोअर उघडून नाव शोधलं. होडीचं चित्र आलं. खाली निर्माता म्हणून एकट्या मेहुलचं नाव.

"खातं त्याचं आहे म्हणून असेल," ती म्हणाली आणि पान खाली सरकवलं. 'नवीन काय: पुढील वर्षाच्या वेळा. माहितीच्या पानात दुरुस्ती.' शेजारी त्या पानाचं चित्र होतं. आधी तिथे दोन नावं होती. आता एक होतं, आणि त्याखाली 'स्थानिक ग्रामस्थांचे आभार'.

तिनं तिथूनच फोन लावला.

"मेहुल, माझं नाव कुठे गेलं?"

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "एक कंपनी मला घेतेय, हेच काम बघून. त्यांना वाटतंय सगळं मीच केलंय."

"कोणी सांगितलं त्यांना?"

"वेळा काय गं, कोणीही मोजल्या असत्या," तो म्हणाला.

जागृतीने फोन बंद केला.

"नको घेऊ ता नवा," हंसाकाकी म्हणाली. "जुनाच ऱ्हाव दे. त्यात तुजं नाव हाय."

"जुन्यातल्या वेळा परवा संपतात, काकी. बोटी कधी यायच्या?"

काका खाली बघत म्हणाले, "शनवारी. सात बोटी हायत."

खाडीत पाणी नसताना आत शिरली तर बोट तोंडावरच गाळात रुतते. हे तिघांनाही माहीत होतं.

जागृतीने 'अपडेट'वर क्लिक केलं. हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. अ‍ॅप उघडल्यावर तिनं शनिवार काढला. पहिली भरती, दुसरी भरती. मिनिटही बदललं नव्हतं. तिच्याच वेळा होत्या.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली.

"काय इचारतंय ता?" काकांनी विचारलं.

"हे अ‍ॅप तुमच्या उपयोगाचं आहे का, असं विचारतंय."

काकांनी पडद्यावरच्या शनिवारच्या वेळांवर बोट ठेवलं.

"हो म्हण," ते म्हणाले. "आपुन कशाला खोटं बोलायचं?"