बघून परत गेलेलं गिऱ्हाईक

पंगत बसली होती आणि वीरेश पानापानापुढे वाकून लोकांचे फोन मागत होता. नायगावात मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. वाढपी जिलेबी घेऊन पुढे, त्याच्या मागून हा. एकच मिनिट म्हणून फोन घ्यायचा, त्यावरच्या जाहिराती सरकवून बघायचा आणि तोंड पाडून परत द्यायचा. किशनकाकांच्या फोनवर फवारणीचे पंप होते. आईच्या, म्हणजे बसम्मांच्या फोनवर गुडघ्याचं तेल. टक्कल पडलेल्या मेहुण्याच्या फोनवर काय होतं ते सांगायला नको. विमान मात्र कुणाच्याच फोनवर नव्हतं.

वीरेश लातूरला अमरनाथच्या ऑफिसात कामाला होता. खाली बियाण्यांचं दुकान, वर ऑफिस. एका विमान कंपनीच्या ऑनलाइन जाहिरातींसाठी तिथून यादी जायची. विमान कुठून कुठे जातं, भाडं किती, त्या शहराचा फोटो आणि फोटोखाली एक ओळ. ती यादी वीरेश बनवायचा. स्वतः तो विमानात कधी बसला नव्हता. पण हलवाई तरी कुठे रोज पेढे खातो.

जाहिरात मोठी चिवट होती. एखाद्यानं कंपनीच्या साइटवर जाऊन एखादं विमान बघितलं आणि तिकीट न घेता परत गेला, की ती त्याच माणसाच्या हात धुऊन मागे लागायची. रोज तेच विमान दाखवायची. तिकीट घेतलं की गप्प. नांदेडहून सुटणाऱ्या विमानांची यादी लावून महिना झाला होता आणि एक तिकीट खपलं नव्हतं. येत्या शनिवारपर्यंत एक तरी खपलं नाही तर काम पुण्याला जाईल आणि तू घरी, असं अमरनाथनं बजावलं होतं. कंपनीला तर जाहिरात कुणाला दिसते तरी का, हीच शंका होती. दिसली असेल त्याच्या फोनचा फोटो पाठवा म्हणाले. म्हणून ही भर पंगतीतली भीक.

सगळे फोन झाले, शेवटी बायकोचा उरला. मंजुषा हात धुऊन येत होती. वीरेशनं आशा सोडूनच तिचा फोन उघडला, आणि पहिलीच जाहिरात विमानाची. नांदेड ते बेंगळूरू, एक प्रवासी, फक्त जाण्याचं. वीरेशनं इतकी मोठी हाळी दिली की आचारी बाहेर आला. भाडं बरोबर होतं. फोटो बरोबर होता. खालची ओळ त्यानं वाचली नाही, ती त्यानंच तर लिहिली होती.

"तू कवा बघितलंस हे?" त्यानं विचारलं.

मंजुषा म्हणाली, रोजच बघते. वीरेशला इतका आनंद झाला की काय करू नि काय नको. लई चांगलं केलंस म्हणाला, फोटो काढला आणि तिथूनच कंपनीला पाठवून दिला. मग पोटभर जिलेबी खाल्ली.

मंजुषा रोज का बघत होती, हे कळायला पंचांग नको होतं. ती एम.फार्म. होती. चार महिन्यांपूर्वी बेंगळूरूच्या एका औषध कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. वीरेश म्हणाला, बघू. बसम्मा म्हणाल्या, दिवाळी होऊ दे. सासरे गुंडप्पा म्हणाले, विचारून सांगतो. कुणाला विचारून, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. दिवाळी होऊन गेली. त्या कंपनीनं दोनदा तारीख पुढे ढकलली आणि आता येत्या सोमवारी या नाहीतर राहू द्या म्हणून कळवलं. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी मंजुषानं वाढता वाढता हेही सांगितलं. तेव्हा वीरेश जाहिरातीतला फोटो बदलायला बेंगळूरूचे दोन फोटो लावून बसला होता. यातला कुठला बरा वाटतो, असं त्यानं तिलाच विचारलं. मंजुषाला राग आला होता, फार राग आला होता. तिनं झाडांच्या फोटोवर बोट ठेवलं आणि भात वाढला.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात विमान कंपनीचा फोन आला. जाहिरातीवरून नांदेडचं पहिलं तिकीट खपलं होतं. अमरनाथनं वीरेशला मिठी मारली. खालच्या दुकानात हार कुठला मिळायला, म्हणून कॉम्प्युटरवर सोयाबीनचे दाणे वाहून पूजा झाली. काम लातूरलाच राहिलं. वीरेश अर्धा किलो पेढे घेऊन, शिट्टी वाजवत घरी आला.

मंजुषा कपडे बॅगेत भरत होती. माहेरी देगलूरला निघाली असेल, असं त्याला वाटलं. त्यानं तिच्या हातावर पेढा ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. कुणी घेतलं तिकीट, तिनं विचारलं. कंपनी नाव सांगत नाही, तो म्हणाला. रविवारी सकाळचं विमान, एकच माणूस, बेंगळूरूला जाण्याचं तेवढं घेतलंय, येण्याचं न्हाई. कोण का असंना, त्यानं आपलं घर वाचवलं. भेटला तर पाय धुऊन पाणी पिईन त्याचं.

मंजुषानं पेढा खाल्ला. सावकाश खाल्ला. मग बॅगेची चेन लावली.

"ते तिकीट मी घेतलंय," ती म्हणाली.

वीरेशनं पेढ्यांचा पुडा मिटून ठेवला. मला न विचारता, एवढंच तो म्हणाला.

"चार महिने विचारूनच राहिले," मंजुषा म्हणाली. "अख्ख्या घरात मला रोज 'आता निघा' म्हणणारी एक तुमची जाहिरातच होती."