लिटरला बारा

गाडीत मी डोक्याच्या उंचीवर धरलेल्या एक लिटरच्या बाटलीत चार बोटं पेट्रोल उरलं होतं. तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली होती.

बाबांच्या अडुसष्ट सालच्या फियाटने लिटरला बारा किलोमीटर दिले नाहीत, तर सोमवारी ती गिऱ्हाइकाला द्यायची, अशी आईची अट होती. पिकअपसाठी बसवलेला मोठा कार्बोरेटर नऊच देत होता, म्हणून काल बाबांनी मूळचा लहान पुन्हा चढवला.

चढावर इंजिन धापा टाकू लागलं. "थकली वाटतं तुमची लाडकी," मागून आई म्हणाली.

अकरा पूर्णांक सहाला बाटली संपली. तरी कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर गाडी चालत राहिली आणि बारा ओलांडून बंद पडली.

"निघताना ती वाटी रिकामी होती ना?" आईने मला विचारलं. तिने तीस वर्षं फिजिक्स शिकवलं होतं. "भरलेली असेल, तर हे जास्तीचं धरायचं नाही."

भरलेली होती. बाबांनी हँडब्रेक ओढला. प्रयोगशाळेत मी आजवर एकही आकडा फिरवला नव्हता.

"रिकामी होती," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे नीट बघितलं. "मग उतरा दोघं, धक्का मारा. स्टीअरिंग मी धरते."