साडेतीनची मॅच

केरळातल्या मंजेरीच्या एका टीव्हीच्या दुकानात एक खोली मुद्दाम काळी रंगवली होती. सेल्समनने दार लोटलं, दिवा मालवला आणि चाकांच्या स्टँडवरचा ओएलईडी टीव्ही सुरू केला. रात्रीच्या मैदानावर फुटबॉल चालला होता. काळं म्हणजे कोळशासारखं काळं, आणि त्यात खेळाडूंच्या मानेवरचा घामसुद्धा दिसत होता.

"याला म्हणतात चित्र," वाचनालयाचे अध्यक्ष वीरानकुट्टी मास्तर म्हणाले. चिटणीस कोयाने नुसती मान हलवली. फुटबॉलमध्ये मास्तर ब्राझीलच्या बाजूचे, कोया अर्जेंटिनाच्या. वीस वर्षांत दोघांचं कशावर एकमत झालं नव्हतं, ते इथे दोन मिनिटांत झालं.

"रुखियात्ता, करा सही," कोयाने चेकबुक पुढे केलं.

रुखिया खजिनदार; वयाने मोठी, म्हणून सगळ्यांची 'इत्ता', म्हणजे ताई. समितीत एक बाई हवीच, असा नियम, म्हणून घेतलेली. सहा वर्षं चेकबुक सहीसाठी तिच्या चुलीपाशी यायचं आणि सही झाली की मुकाट्याने परत जायचं. कशासाठी, हे कुणी सांगायचं नाही. या वेळी तिने निरोप धाडला होता, टीव्ही बघितल्याशिवाय सही नाही.

"हा उजेडात कसा दिसतो?" तिने विचारलं.

सेल्समन हसला. "इत्ता, टीव्ही उजेडात कोण बघतं?"

"आम्ही. आमच्या वाचनालयाच्या हॉलला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत. रविवारी साडेतीनला माझ्या लेकीची, शहानाची मॅच आहे, केरळची गोलकीपर आहे ती. वाडीतल्या सगळ्या बायका येणार आहेत. पोरींच्या मॅच भर उन्हातच लावतात. संध्याकाळचे दिवे पोरांसाठी."

"त्यात काय, खिडक्या लावून घेऊ," मास्तर म्हणाले. "पडदे सोडू."

"आणि त्या अंधारात पुरुषांच्या मांडीला मांडी लावून कुणाची सून बसेल, मास्तर? तुमची?"

मास्तरांनी दाढी खाजवली. कोया मध्ये पडला. "मी रेकॉर्ड करून ठेवतो की मॅच. तुम्हाला वाटेल तेव्हा लावू."

"तू अर्जेंटिनाची मॅच दुसऱ्या दिवशी बघितली होतीस? गोल किती झाले ते ठाऊक असताना?"

"ती फायनल होती, इत्ता."

"हीपण फायनलच आहे." रुखिया त्याच्याकडे बघत राहिली. "माहीत नव्हतं ना तुला? पेपरात आलंय. वाचनालयात पेपर येतो तुमच्या."

मग ती सेल्समनकडे वळली. "ढकल हा बाहेर. रस्त्याकडच्या दारापर्यंत. आणि कोपऱ्यातला तो साधा एलईडी त्याच्या शेजारी लाव. तो, ज्याची काच चमकत नाही."

"दुकानात तसं करत नाहीत, इत्ता."

"मग आम्ही समोरच्या दुकानात जातो. तिथे करतील."

सेल्समनने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर दुसरीकडे बघत होते. त्याने दोन्ही टीव्ही ढकलत दारापाशी आणले, लांब वायर जोडली. तीनचं ऊन दाराच्या काचेतून सरळ आत येत होतं. दोन्हींवर तीच मॅच लावली.

"याचं काळं राखाडी दिसतंय," कोया साध्या टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाला. "रंग बघा, धुऊन काढल्यासारखे."

"बॉल दिसतोय का?"

कोया वाकून टीव्हीवरची किंमत वाचू लागला.

"कोया, बॉल दिसतोय का, ते सांग."

"दिसतोय."

"आणि त्यात?"

त्या महागड्या टीव्हीत रस्ता दिसत होता, उभी रिक्षा दिसत होती, आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या दाढीचे वीरानकुट्टी मास्तर दिसत होते. मैदान कुठेच नव्हतं.

"धूळ बसली असेल," मास्तर पुटपुटले. ते जवळ गेले, खिशातून रुमाल काढला आणि काच वरपासून खालपर्यंत नीट पुसली. मग दोन पावलं मागे येऊन बघितलं.

आत कुठेतरी गोल झाला असावा. टीव्हीतल्या लोकांचा एकच कल्लोळ उठला. काचेत मास्तरच होते, आधीपेक्षा स्वच्छ.