श्रोत्यांतून एक प्रश्न

पहिलं मिनिट.
चिठ्ठीत आलेली बाजू वैष्णवीनं माईकवर वाचली : प्राप्तिकर रद्द करावा. पाच मिनिटांच्या वादविवाद फेरीला गंगाखेडच्या कॉलेजचा हॉल भरलेला. जिंकली तर पुण्याची अंतिम फेरी. परभणीच्या पुढचं तिनं काही पाहिलं नव्हतं.

दुसरं.
"मग ज्याच्याकडं आहे, त्याच्याकडंच साठत जाईल," विरोधी बाजूचा श्रीनिधी म्हणाला.
"साठू द्या. विहीर भरली की पाट वाहतोच."

तिसरं मिनिट टाळ्यांत गेलं.

चौथं.
नियमाप्रमाणे श्रोत्यांतून एक प्रश्न. मागच्या रांगेत कडूबाई उभी राहिली. वैष्णवीची आई. राणीसावरगावच्या शाळेत खिचडी शिजवते. आज लवकर आटोपून एसटीनं आली होती, पोरीला पहिल्यांदा ऐकायला.

"घरचीच गुगली!" कुणीतरी ओरडलं. हॉल हसला. कडूबाईपण हसली.

"लय छान बोललीस, माय. एवढंच सांग, टॅक्स बंद झाल्यावर शाळंला तांदूळ कोण धाडील?"

उत्तर तयार होतं. कागदावर, खाली रेघ ओढलेलं.

"ज्यांचा टॅक्स वाचेल, ते देतील. सक्तीनं नाही, मनानं."

"देतील की. न्हाई कुठं म्हणते मी." कडूबाईनं पदर सावरला. "पण त्यंच्या दारात मागायला कुणी जायचं? मी, का लेकरांनी?"

हसणारे वैष्णवीकडं वळले.

"तीस सेकंद, वैष्णवी," परीक्षक अनंतराव घड्याळाकडं बघत म्हणाले. "उत्तर आलं नाही तर फेरी गेली."

वीस.

तिनं कागद उलटला. मागची बाजू कोरी होती.

दहा.

ती माईककडं वाकली. विहिरीचं वाक्य पुन्हा म्हणता आलं असतं. टाळ्याही पडल्या असत्या. समोर आई मान पुढं करून ऐकत होती, बँकेतल्या साहेबाचं ऐकावं तशी.

"याचं उत्तर माझ्याकडं नाही," वैष्णवी म्हणाली.

अनंतरावांनी पेनचं टोपण लावलं. पुण्याला श्रीनिधी जाणार, हे हॉलला कळलं. वैष्णवी स्टेजच्या पायऱ्या उतरून आईजवळ आली.

पाचवं मिनिट शिल्लक होतं.

"अगं, खाली कशाला आलीस?" कडूबाई घाबरून म्हणाली. "सांग की. मी खरंच विचारायलेय."